कर्ज जावेनं वापरलं, सिबिल माझं बिघडलं

‘मॅडम, मी गंगाखेड तालुक्यातल्या एका खेड्यात शिवणकाम करते. वय ३६. ब्लाउज, फॉल-पिको, शाळेचे गणवेश. पायमशीन आहे, आता मोटारीच्या दोन मशीन अन् एक ओव्हरलॉक घ्यावं म्हणून मुद्राचा दीड लाखाचा अर्ज केला. साहेबांनी कागद बी बघितले नाहीत. म्हणले, ताई तुमचं सिबिल ५९८ आहे, बसत नाही. मी आजवर कुणाचा रुपया बुडवला नाही. २०२३ ला फायनान्सच्या गटातून ४० हजार उचलले ते जावेला दिले, तिचं घर चालू होतं. हप्ते तीच भरायची. ती ऊसतोडीला गेली अन् हप्ते राहिले. मग वसुलीवाला म्हणला १२ हजार भरा, खातं बंद करतो. सराफाकडं झुबे ठेवून शेकडा तीननं पैसे आणले अन् भरले, पावती आहे. मालकांना झुब्याचं माहीत नाही. त्यांचं पीककर्ज फिटायचं राहिलंय, त्याच्यामुळं माझं सिबिल गेलं का? एक जण ६ हजारात सिबिल वाढवून देतो म्हणायलाय, देऊ का? पुतण्यानं मोबाईलवर रिपोर्ट काढला, त्याचे फोटो पाठवते. मुलगा दहावीला आहे, पुढं त्याच्या शिक्षणाला कर्ज लागलं तर हे आडवं येईल का?’
– एक वाचक, जि. परभणी (पत्र संक्षिप्त)

ताई,

त्या माणसाला ६ हजार देऊ नका. दिले असतील तर गेले समजा, पण त्याला आधार, पॅन आणि मोबाईलवर आलेला ओटीपी यांतलं काहीही सांगू नका. उत्तराची ही सुरुवात नव्हे, पण तो तुमच्या दारात पुन्हा येईल म्हणून हे आधी.

फोटो पाठवलेत हे फार बरं केलंत. मला येणाऱ्या बहुतेक पत्रांत नुसता आकडा असतो, ‘५९८ आहे, काय करू?’ बाजार समितीच्या काट्यावरची चिठ्ठी दाखवून सोयाबीन कसं आहे विचारल्यासारखं होतं ते. वजन कळतं, माल कळत नाही. माल रिपोर्टाच्या आतल्या पानांत असतो, आणि तुमची सगळी पानं मी दोनदा वाचली. तिसरा फोटो हललेला आहे, पण भिंग लावून लागला.

आधी थोडं त्या शब्दाबद्दल. सिबिल हे एका कंपनीचं नाव आहे, २००० साली निघालेल्या. आता ती ट्रान्सयुनियन सिबिल म्हणवते. वनस्पती तुपाला आपण सगळे डालडा म्हणायचो तसंच हेही झालं. एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या आणखी तीन कंपन्या हेच काम करतात. बँका, फायनान्स कंपन्या आपल्या प्रत्येक कर्जाची माहिती यांना पाठवतात: कुणी घेतलं, किती, हप्ता कधी आला, किती दिवस उशिरा आला. त्यावरून ३०० ते ९०० मधला एक आकडा निघतो. साधारण ७००-७५० च्या पुढं असलं की बँकेचा साहेब अर्ज बाजूला न टाकता वाचायला घेतो. ही रेघ प्रत्येक बँक आपापली ओढते. तुमचं शेत, घर, अंगावरचं सोनं, पासबुकातली शिल्लक यातलं काहीच त्या आकड्यात मोजलेलं नसतं. खात्यात दोन लाख पडून असले तरी ५९८ चे ५९९ होत नाहीत.

साहेबांनी कागद बघितले नाहीत याचा तुम्हाला राग आलाय. मलाही आला. मी बँकेत नोकरीला लागले तेव्हा कर्जाच्या अर्जाची चौकशी करायला गावात जावं लागायचं. पारावर दोन माणसांना विचारलं की माणूस कळायचा, असं आमच्या वयाचे सगळे सांगतात. पण खरं सांगू का, पारावर बाईचं नाव कुणी घेत नव्हतं, आणि ज्याच्या नावावर सातबारा नाही त्याची चौकशीच होत नव्हती. शिवणकाम करणाऱ्या बाईला तारणाशिवाय दीड लाख, ही गोष्ट तेव्हा कुणाच्या डोक्यातही आली नसती. आकडा थंड असतो, पण तो जात विचारत नाही. म्हणून मी त्याच्या पूर्ण विरोधात नाही. तो तुमच्याबद्दल काय म्हणतोय ते वाचता मात्र आलं पाहिजे.

आता दुसऱ्या फोटोकडं या. वरती ‘मायक्रोफायनान्स’ लिहिलंय, रक्कम ४०,०००. खाली बारीक चौकोनांची ओळ आहे, प्रत्येक चौकोन एका महिन्याचा. जुलै २०२३ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत सगळीकडं ००० आहे. तीन शून्यं म्हणजे एकही दिवस उशीर नाही. सोळा महिने! तुमच्या जावेनं सोळा हप्ते दिवस न चुकवता भरलेत, हे आधी लक्षात घ्या, कारण तिच्याबद्दल मी पुढं जे लिहिणार आहे ते वाचताना हे विसरायला होईल. मग दिवाळी झाली, दीर-जाऊ कोयता घेऊन कारखान्यावर गेले, आणि पुढचे चौकोन असे आहेत: नोव्हेंबर ०२०, डिसेंबर ०५१, जानेवारी ०८२, फेब्रुवारी ११०, मार्च १४१, एप्रिल १७१. हे दिवस आहेत. १० नोव्हेंबरचा हप्ता चुकला तेव्हापासून त्या त्या महिनाअखेरीपर्यंत किती दिवस उलटले त्याची मोजणी. एक हप्ता चुकून पुढच्या महिन्यात भरला असता तर २० वर थांबलं असतं. ९० ओलांडले की बँकेच्या भाषेत कर्ज ‘अनुत्पादक’ होतं, म्हणजे बुडीतच्या दारात. तुमचं ते फेब्रुवारीत ओलांडलं.

पण खरा घाव चौकोनांच्या वर आहे, आणि तो तुम्ही पैसे भरल्यावर बसलाय. खात्याच्या स्थितीपुढं ‘सेटल्ड’ असा शब्द आहे. वसुलीवाल्यानं तुम्हाला ‘खातं बंद करतो’ म्हणून सांगितलं. त्यानं केलेली गोष्ट वेगळी आहे. देणं होतं १७,४००. त्यानं १२,००० घेतले आणि ५,४०० कंपनीनं सोडून दिले. याला तडजोड म्हणतात, आणि तडजोड म्हणजे रिपोर्टाच्या नजरेत ‘या बाईनं पूर्ण पैसे दिले नाहीत’. पुरतं फेडलेल्या खात्यापुढं ‘क्लोज्ड’ लागतं. सेटल्ड आणि क्लोज्ड हे दोन शब्द आपल्याकडच्या लाखभर लोकांना कुणी शांतपणे समजावून सांगितले असते तर माझं सदर निम्मं रिकामं राहिलं असतं. तुमच्या पावतीवर, तुम्हीच फोटो पाठवलाय, कोपऱ्यात इंग्रजीत ‘फुल अँड फायनल सेटलमेंट’ छापलंय. तुम्ही ‘फुल’ वाचलं असेल.

हे दुरुस्त होतं, फुकट नाही पण होतं. कंपनीच्या शाखेत स्वतः जा, वसुलीवाल्याला फोन करू नका. साध्या कागदावर मराठीत अर्ज द्या: माझ्या अमुक नंबरच्या कर्जखात्यात सोडून दिलेली ५,४०० रुपयांची रक्कम मला भरायची आहे; ती भरल्यावर मला नील दाखला (काही देणं बाकी नाही असा) द्यावा आणि खातं क्लोज्ड झाल्याची माहिती चारही कंपन्यांना पाठवावी. एका प्रतीवर पोच घ्या. कंपनीनं हे लेखी कबूल केल्यावरच पैसे भरा, आणि ते कर्जखात्यातच भरा, कुणाच्या फोन नंबरवर नाही. बहुतेक कंपन्या तयार होतात, त्यांचेही बुडालेले पैसे परत येतायत. ११०, १४१, १७१ हे चौकोन मात्र पुसले जाणार नाहीत. झालेला उशीर खरा आहे आणि खरी नोंद कुणालाच खोडता येत नाही, ६ हजार मागणाऱ्यालाही नाही. ती वर्षानुवर्षं दिसते. फक्त पुढचे हप्ते वेळेवर पडत गेले की जुन्या उशिराचं वजन कमी होत जातं.

आता जाऊबाई. तुम्ही लिहिलंय, तिला बोललं तर भावाभावांत वाद होईल, नाही बोललं तर माझं मन खातं. कागदावर तुमच्या जावेचं नाव कुठंही नाही. सही तुमची, आधार तुमचं, खात्यात आलेले पैसे तुमचे. तुम्ही ते कुणाला दिलेत हा घरातला मामला. त्यामुळं ५,४०० तिच्याकडून येतील मग भरू, असं करू नका. ते तुम्ही भरा, याच महिन्यात. तिच्याशी बोलायचं ते पाडव्याला ती परत आल्यावर, आणि ते सिबिलबद्दल नको, १२ हजार अधिक ५,४०० अशा साध्या हिशेबाबद्दल बोला. गेल्या वेळी मुकादमाची उचलच (ऊसतोडीसाठी आगाऊ घेतलेली रक्कम) फिटली नव्हती, असं तुमच्याच पत्रातून दिसतं. मग ती एकदम देणार कुठून? महिन्याला हजार ठरवा आणि वहीत लिहा. आणि पुन्हा कुणी, सख्खी बहीण का असेना, तुमच्या नावावर उचलू का म्हणाली तर काय सांगायचं ते आत्ताच ठरवून ठेवा, कारण ऐन वेळी जमत नाही. ‘बँकेनं मला आता नवं कर्ज घ्यायला मनाई केलीय’ असं माझं नाव सांगून खुशाल ठोकून द्या.

तिसरा फोटो, हललेला. मोबाईलचं कर्ज, १६ हजारांचं, आठ हप्ते. ‘ते तर कधीच फिटलं’ असं तुम्ही मागं लिहिलंय. सात हप्ते बरोबर गेले. आठवा ५ जून २०२५ ला परत गेला. तुम्ही पासबुकाची झेरॉक्स जोडलीत म्हणून कारण सापडलं, नाहीतर मीही चक्रावले असते. मेअखेरीला तुमच्या खात्यातून ४३६ आणि २० रुपये कापले गेलेत. प्रधानमंत्री जीवनज्योती आणि सुरक्षा विम्याचा हा वर्षाचा हप्ता, तो दरवर्षी याच सुमाराला आपोआप जातो. तुम्ही मोबाईलच्या हप्त्यापुरते २,००० मोजून ठेवले होते, त्यातले ४५६ गेले, हप्ता परत गेला. आठ दिवसांनी तुम्ही दुकानात जाऊन २,००० भरलेत, पण हप्ता परत गेल्याचा ५०० रुपये दंड मागं राहिला, आणि तो तेव्हापासून ‘ओव्हरड्यू’ म्हणून तिथं बसलाय. पाचशे रुपयांसाठी! कंपनीच्या ॲपवरून किंवा दुकानातून आजच भरा, नील दाखला मागा. मागितल्याशिवाय तो कुणी देत नाही. (विमा बंद करू नका बरं. ४३६ मध्ये २ लाखांचा विमा आहे, तो राहू द्या. मेमध्ये खात्यात पाचशे जास्त ठेवा, एवढंच.)

चौथं पान बघून मी हसले, आणि मग हसू नये असं वाटलं. दुचाकीचं कर्ज, ७८ हजार, पत्ता कन्नड तालुक्यातला. तुमच्या घरी दुचाकी सासऱ्यांच्या काळची आहे म्हणता. ही बाई तुम्ही नाही. तिचं नाव तुमचंच, नवऱ्याचं नाव तेच, आडनाव तेच, आणि जन्मतारीख १ जून. जन्मसालसुद्धा जुळलं. आता आपल्याकडच्या ज्या पिढ्यांचा जन्म गुरुजींनी शाळेच्या दाखल्यावर १ जूनला लावला, त्यांत एका नावाच्या दोन बाया निघणारच. दुचाकीवाल्यांनी अर्ज भरताना पॅनचा रकाना रिकामा सोडला असावा, आणि मशीननं नाव-तारीख जुळवून ते कर्ज तुमच्या पदरात टाकलं. त्यात तीन महिन्यांचा उशीर आहे, तोही तुमच्याच खाती.

याला एक रुपया लागत नाही. ज्या कंपनीचा रिपोर्ट आहे तिच्या वेबसाइटवर ‘डिस्प्यूट’ म्हणून जागा असते, तिथं ते खातं निवडून ‘हे खातं माझं नाही’ असं नोंदवायचं. पुतण्याला हे काम द्या, त्यानं बाकी जे उद्योग केलेत त्याच्या बदल्यात, त्यावर येतेच. कंपनी स्वतः काही खोडत नाही, ती त्या दुचाकीवाल्या फायनान्सला विचारते, त्यांनी २१ दिवसांत उत्तर द्यायचं असतं आणि सगळा निकाल ३० दिवसांत लागला पाहिजे. त्यापुढं गेलं तर दर दिवसाला १०० रुपये भरपाई तुम्हाला मिळायला हवी, हा रिझर्व्ह बँकेचा नियम एप्रिल २०२४ पासून लागू आहे. तक्रारीचा नंबर आणि तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. ३० दिवसांनंतरही काही झालं नाही किंवा उडवाउडवीचं उत्तर आलं तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, तेही फुकट. १४४४८ वर फोन लावला की कसं ते सांगतात. आणि एक काम विसरू नका. चुकीचं खातं एका ठिकाणी आहे म्हणजे इतर तीन ठिकाणीही असू शकतं. प्रत्येक कंपनीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असतो. चारही काढा.

शेवटच्या पानावर ‘एन्क्वायरी’ आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात सात वेळा सात वेगवेगळ्या कंपन्यांनी तुमचा रिपोर्ट मागवलाय. तुम्ही तर एकाच बँकेत गेलात. हे पुतण्याचं. ‘तुम्हाला २ लाख मंजूर, इथं दाबा’ असं मोबाईलवर येतं आणि पोरं दाबतात. प्रत्येक दाबणं म्हणजे कर्जाचा अर्ज, आणि दोन महिन्यांत सात अर्ज केलेला माणूस बँकेला गळ्यापर्यंत बुडालेला वाटतो. स्वतःचा रिपोर्ट स्वतः बघितल्यानं मात्र एक गुणही कमी होत नाही, महिन्यातून दहादा बघा. हा गैरसमज इतका पसरलाय की लोक भीतीनं रिपोर्ट उघडतच नाहीत. आणि रिपोर्टात तुमचा म्हणून जो मोबाईल नंबर आहे तो जावेचा आहे. गटाच्या वेळी तिनंच दिला असणार. तो बदलून तुमचा टाका, म्हणजे कुणी रिपोर्ट मागवला की संदेश तुम्हाला येईल, आज तो उसाच्या फडात वाजतोय.

मालकांच्या पीककर्जाचं थोडक्यात. तुमच्या आकड्यात त्याचा एक गुणही नाही. त्या कर्जावर तुम्ही सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असती तरच ते तुमच्या रिपोर्टावर आलं असतं. मी सगळी पानं बघितली, नाही आलेलं. जामीनदारीचं मात्र कायम लक्षात ठेवा. लोक म्हणतात नुसती सही केली. कायद्यात जामीनदार आणि कर्जदार यांची जबाबदारी सारखीच असते, १८७२ च्या करार कायद्यापासून, आणि समोरच्यानं हप्ता चुकवला की दोघांच्या रिपोर्टावर एकाच दिवशी डाग पडतो. सप्टेंबरच्या अतिवृष्टीत सोयाबीन गेलं, मार्चला नवं-जुनं (जुनं पीककर्ज भरून नवं उचलणं) होणार नाही असं तुम्ही लिहिलंय. तेव्हा मालकांना म्हणावं, मार्चची वाट न बघता बँकेत जाऊन पुनर्गठनाचा अर्ज द्या. आपत्तीत पीक गेलेल्यांचं, त्याआधी थकलेलं नसलेलं कर्ज पुढच्या काही वर्षांच्या हप्त्यांत फिरवून देता येतं आणि मग ते थकीत धरत नाहीत. वसुलीला स्थगिती मिळाली म्हणून घरी बसणं वेगळं आणि पुनर्गठन वेगळं. स्थगितीत दारात कुणी येत नाही, पण खातं थकलेलंच राहतं. आणि माफीची वाट बघत बसणाऱ्यांना मी कित्येक वर्षं एकच सांगत आले: माफी आली तर रक्कम जाते, थकलेले महिने रिपोर्टावर राहतात. कुणी ऐकलेलं नाही, ती गोष्ट वेगळी. नवं-जुनं करायला दोन दिवसांसाठी सावकाराकडून पैसे आणणारेही मी पाहिलेत, त्यांनाही सांगून झालंय.

आता पैशांचा हिशेब, कारण इथं तुमचे झुबे मध्ये येतात. १२ हजारांवर शेकडा तीन म्हणजे महिन्याला ३६० रुपये. मेपासून आठ महिने झाले, २,८८० व्याज चढलं. वर्षाला ३६ टक्के. बँकेत सोनेतारण ठेवलं तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्यातही भागतं. शिवाय सराफाला तुम्ही कितीही वेळेवर पैसे दिले तरी ते कुठंच नोंदले जात नाहीत, तर बँकेचं सोनेतारण वेळेवर फेडलं की तेच तुमच्या रिपोर्टावर चांगले महिने म्हणून लागतं. सोन्याचं तारण असल्यामुळं ५९८ आकड्यालाही बँक फारसं नाक मुरडत नाही. माझं म्हणणं असं: सराफाचे १४,८८०, कंपनीचे ५,४०० आणि मोबाईलचे ५००, मिळून २०,७८०. साधारण २१ हजारांचं सोनेतारण बँकेतून घ्या, झुबे असतील किंवा दुसरा एखादा दागिना, सगळं एका दिवसात मिटवा आणि ते वर्षभरात शिवणाच्या पैशातून फेडा. जूनमध्ये गणवेशाचा हंगाम आहेच. याशिवाय दुसरा कुठलाही अर्ज निदान सहा महिने करू नका.

पण झुबे सराफाकडून आज सोडवायचे तर पैसे आधी लागणार, म्हणजे दुसरा दागिना बँकेत न्यावा लागेल आणि तो मालकांच्या नजरेआड कपाटातून निघणार नाही. तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते: त्यांना सांगा. भावाच्या घरासाठी त्यांची बायको आपले झुबे ठेवून बसलीय, यात लपवण्यासारखं तुमचं काही नाही. आणि त्यांच्या पीककर्जाच्या अर्जालाही हीच वेळ आहे, दोघांचं एकदम बोलणं होईल.

किती दिवस लागतील? दुचाकीचं खातं निघालं की आकडा लगेच हलेल, कारण ती चूकच आहे. ‘सेटल्ड’चं ‘क्लोज्ड’ झालं, पाचशे भरले, की बँकांनी ही माहिती २०२५ पासून निदान पंधरवड्यातून एकदा पाठवायची असते, म्हणजे पूर्वीसारखं दोन-तीन महिने ताटकळावं लागत नाही. पुढचं सावकाश चढतं. अशा बऱ्याच केसेस मी बघितल्यात, सहा महिने ते वर्ष धरा. तेवढा वेळ मुद्राचा अर्ज बाजूला ठेवा, तोवर मशीनचं कोटेशन आणि गणवेशाच्या कामाच्या पावत्या जमवत राहा, त्या साहेबांना दाखवायला लागतील. आणि गावात उमेदचा (सरकारच्या ग्रामीण अभियानाचा) बचत गट असेल तर त्यात शिरा. तुम्ही पत्रात गट म्हणता तो फायनान्स कंपनीनं जमवलेला पाच बायकांचा गट होता, उमेदचा नव्हे. उमेदच्या गटाला बँक कर्ज देते, तीन लाखांपर्यंत ७ टक्क्यांनी, आणि एक ओव्हरलॉक मशीन त्यातूनही येऊ शकतं. फायनान्सवाल्या गटात पुन्हा जाऊ नका. गेलातच, तर वसुलीवाल्याला सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर दारात यायची परवानगी नाही, एवढं त्याला ऐकवा.

मुलाचं. शैक्षणिक कर्जात आई किंवा वडील सहकर्जदार असतात, त्यामुळं हो, तेव्हा तुमचा रिपोर्ट बघतील. तो आत्ता दहावीला आहे, बारावी व्हायला दोन वर्षं आहेत आणि वर लिहिलेलं सगळं त्याआधी आटपतं. मात्र सहकर्जदार म्हणून त्याच्या अर्जावर सही तुमची घालायची की मालकांची, हे सवयीनं ठरवू नका. त्या वेळी दोघांचे ताजे रिपोर्ट समोर ठेवा आणि ज्याचा बरा असेल त्यानं करा. मला वाटतं, तोवर तो तुमचा असेल.